एक लिफ्ट, चार बातम्या आणि एक खुलासा

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये बंद पडली, तेव्हा उपमहापौर शहराच्या गतीविषयी बोलत होते.

"आपल्या शहराने आता जी गती घेतली आहे..." एवढं ते म्हणाले आणि वरून कुठूनतरी घर्रर्र आवाज आला. दिवा मिचमिचला. लिफ्टने एक गचका खाल्ला आणि आम्ही सहाजण अधांतरी लोंबकळत राहिलो.

खरं तर त्या उद्घाटनाशी माझा काडीचाही संबंध नव्हता. मी नव्या वाचनालयात एक पुस्तक परत करायला गेले होते. परत करायची तारीख केव्हाच उलटली होती आणि समारंभाच्या गडबडीत ग्रंथपालबाई मला बोल लावायला विसरतील, असा माझा साधासरळ डाव होता. पण गर्दीचा लोंढा आला, मी लिफ्टमध्ये ढकलली गेले, दार बंद झालं... आणि पाहते तर ग्रंथपालबाई शेजारीच!

लिफ्ट चारी बाजूंनी काचेची होती. शहराची शान म्हणून मुद्दाम बसवलेली. त्यामुळे खाली जमलेले पाहुणे, फोटोग्राफर आणि वाजंत्री या सगळ्यांना आम्ही फार छान दिसत होतो. त्यात उपमहापौरांच्या हातात फीत कापलेली कात्री अजून तशीच होती आणि त्यांना हातवारे करून बोलायची सवय होती. तेव्हा बाकीचे पाचजण एका कोपऱ्यात अंग चोरून उभे होते.

मला वाटलं, आता तरी भाषण थांबेल. छे! अडचणीतसुद्धा न थांबणं हाच कसा या शहराचा स्वभाव आहे, ते सांगायला त्यांनी सुरुवात केली. कात्री डावीकडे गेली, आम्ही उजवीकडे झुकलो. कात्री उजवीकडे आली, आम्ही डावीकडे. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"साहेब," मी म्हटलं, "इथली हवा सगळ्यांची आहे. जरा जपून वापरू या का?"

कात्री हवेतच थांबली. मग माझ्या अगदी शेजारी कुणीतरी हसलं आणि ते हसू घाईघाईने खोकल्यात बदललं.

मी मान वळवली. उंच होता. चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती आणि कानामागे पेन्सिल खोचलेली. डोळे मात्र चष्म्याआडूनही हसत होते, खोकला त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"हे वाक्य मी वापरलं तर चालेल?" त्याने हळूच विचारलं.

"कुठे?"

"पेपरात. मी सांजपत्रात आहे."

"वापरा. वाक्यावर माझी मालकी नाही."

"आणि नाव?"

"नाव कशाला?"

"बातमीत लागलं तर..."

"बातमीत नको."

"बरं." त्याने चष्मा वर सरकवला. "मग बातमीबाहेर?"

मी काचेतून खाली बघायला लागले. खाली बघितलं आणि पोटात गोळा आला, म्हणून पुन्हा वर बघितलं. वर तो होता. तिथेही तेच झालं.

मग लिफ्ट हलली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि उपमहापौरांनी तो हसतमुखाने स्वीकारला. मी पुस्तक ग्रंथपालबाईंच्या हातात कोंबलं. त्यांनी तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं आणि त्या काही बोलायच्या आत मी जिना गाठला.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. छत्री माझ्याकडे नव्हती. त्याच्याकडे होती, पण तिची एक काडी मोडलेली आणि त्या बाजूने पागोळी गळत होती. त्याने मोडकी बाजू स्वतःकडे घेतली आणि चांगली माझ्याकडे केली. मला वाटतं, तिथेच मी निम्मी गारद झाले होते. पण आपण इतक्या सहजी विरघळतोय हे माणसाला मान्य करवत नाही. मग मी त्याच्या शर्टात खोड काढली. एरवी तो नीटनेटका होता, फक्त डावी बाही तेवढी पिळून वाळत घातल्यासारखी चुरगळलेली.

"एका बाहीला इस्त्री आणि एक तशीच... ही नवी पद्धत आहे का?"

त्याने बाहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीतरी बोलणार होता, ते गिळलं.

"आजच सुरू झाली आहे," तो म्हणाला. "आता तरी सांगा, तुम्ही काय करता?"

मी सांगितलं. तो जागच्या जागी थांबला. छत्री थांबली, मी पुढे गेले आणि भिजले.

"म्हणजे... मोजपट्टी? ती मोजपट्टी तुम्ही?"

हे माझं बातमीदारांमधलं टोपणनाव. आमचं एक छोटं साप्ताहिक आहे आणि त्यात एकच उद्योग चालतो. एखादी घटना घ्यायची, तिची बातमी कोणत्या पेपरने कशी दिली ते शेजारी शेजारी मांडायचं, आणि कोणी काय सांगितलं, काय फुगवलं, काय गाळलं ते वाचकांना दाखवायचं. आमच्यावर प्रेम करणारा बातमीदार अजून जन्माला यायचा होता.

"तीच," मी म्हटलं.

"अरे देवा," तो म्हणाला आणि छत्री पुन्हा माझ्या डोक्यावर धरली. "मग आज मला बातमी फार जपून लिहायला हवी."

घरी पोचले तर माझ्याआधी बातमी पोचली होती. आई दारात शेजारणीला सांगत होती की लिफ्टमध्ये माझा श्वास कोंडला आणि मी बेशुद्ध पडता पडता वाचले. आत आत्या फोनवर कुणाला तरी सांगत होती की आमच्या मुलीने उपमहापौरांच्या हातातली कात्री काढून घेतली. एकाच घरात एकाच घटनेच्या दोन आवृत्त्या निघाल्या होत्या आणि खुद्द मला विचारायची गरज दोघींपैकी कुणालाच वाटली नव्हती.

"अगं, मी अगदी शांत होते," मी जेवताना सांगितलं. "काही झालं नाही. एक बातमीदार होता शेजारी, सांजपत्राचा. बरा वाटला. पण बाही काय ती! इतका शिकलेला माणूस, एक बाही चुरगळलेली घालून हिंडतो म्हणजे..."

"तुझ्या बोलण्यात उपमहापौर एकदाही आले नाहीत," आत्या म्हणाली. "बाही मात्र सारखी येते आहे."

"आत्या!"

"मी आपलं निरीक्षण सांगितलं. निष्कर्ष तुझ्या आईने काढावा."

आईने तो आधीच काढलेला होता. तिने न विचारता माझ्या ताटात भात वाढला.

आमच्या संपादिकेला सगळे नुसतं बाई म्हणतात. बाईंनी ही पद्धत बसवली, घासूनपुसून लख्ख केली आणि आता त्या तिच्यावर घरातल्या थोरल्या सासूसारखी नजर ठेवून असतात. आधी सगळ्यांच्या बातम्यांत समान काय आहे ते लिही, फरक नंतर. मथळ्यावरून बातमी जोखू नकोस, शेवटच्या ओळीपर्यंत वाच. कुणी काय गाळलं ते जरूर सांग, पण का गाळलं ते मनाने ठरवू नकोस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घटनेशी तुझा काही संबंध असेल तर बाजूला हो. होता येत नसेल तर सांगून टाक.

त्या आठवड्यात मला बाजूला होता येत नव्हतं. आमच्या तिसऱ्या सहकारी बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि बाई स्वतः अंकाच्या बाकीच्या पानांत गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या.

"तू लिफ्टमध्ये होतीस ना? मग वर तसं लिही आणि कामाला लाग," त्या म्हणाल्या. "आणखी काही संबंध?"

"नाही," मी म्हटलं.

नाही म्हणताना मी टाचण्यांचा डबा पाडला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

चार पेपर टेबलावर मांडले. छापताना आम्ही त्यांची नावं देतो, पण ऑफिसात त्यांना आमची आमची नावं आहेत. पहिले आजोबा. जुना, भारदस्त पेपर. त्यांचा मथळा होता, 'वाचनालयाच्या उद्घाटनात तांत्रिक व्यत्यय'. वाचता वाचता मला जांभई आली, मी स्वतः त्या व्यत्ययात लटकत असूनही. दुसरे जावईबापू. हे महापालिकेचं नेहमी कौतुकच करतात. 'नव्या वाचनालयास नागरिकांचा उदंड प्रतिसाद', आणि अगदी शेवटच्या ओळीत, 'मान्यवरांनी लिफ्टची आतून सविस्तर पाहणी केली.' तिसरा भडकू. 'काचेच्या पिंजऱ्यात सहा जीवांची मृत्यूशी झुंज!'

आणि चौथं सांजपत्र.

त्याची बातमी छोटीशी होती. लिफ्ट कशी थांबली, चाचणीचं काम अपुरं असताना ती का सुरू केली, हे त्याने दोन माणसांना विचारून लिहिलं होतं. इतर तिघांपैकी कुणीच ते विचारलं नव्हतं. आणि मध्ये एक वाक्य होतं. 'हवा जपून वापरण्याची सूचना एका तरुणीने शांतपणे केली.'

मी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून पाणी प्यायले आणि येऊन आणखी एकदा वाचलं. आणि मला घाम फुटला. कारण मला ती बातमी चारांत सगळ्यात चांगली वाटत होती, आणि ती खरंच चांगली होती म्हणून वाटत होती, की मोडक्या छत्रीमुळे वाटत होती, ते मला सांगता येईना!

मग मी ते केलं, जे फक्त आमच्या धंद्यातलं माणूसच करू शकतं. पक्षपात होऊ नये म्हणून मी त्याला सोलून काढलं.

भडकूच्या 'मृत्यूशी झुंज'ला मी एका ओळीत सोडलं. 'मथळा काहीसा अतिरंजित', बस्स. आणि त्याच्या त्या एका शब्दावर अर्धा रकाना. 'शांतपणे' हे बातमीदाराने कशावरून ठरवलं? नाडी तपासली होती काय? विशेषणं, क्रियाविशेषणं यांचा मोह आवरता येत नसेल, तर बातमीदाराने दुसरा व्यवसाय शोधावा काय?... असं बरंच काही. लिहून झाल्यावर मला फार पवित्र वाटलं.

छापायच्या आधी मजकूर ज्या त्या पेपरला दाखवून त्यांचं म्हणणं विचारायचं, ही आमची रीत आहे. सांजपत्राच्या संपादकांनी न वाचताच 'हरकत नाही' असं कळवलं. अंक छापून झाल्यावर मात्र त्यांनी तो वाचला.

तो आमच्या ऑफिसात आला तेव्हा मी खिडकीपाशी उभी होते. छत्री मिटताना तिच्या मोडक्या काडीत त्याचा खिसा अडकला. एरवी मला हसू आलं असतं.

"बसा ना," मी म्हटलं.

"नको. बाजारात जायचंय." त्याने अंक टेबलावर ठेवला. "कालपासून मी शहराच्या बातम्या करत नाही. बाजारभाव करतो. आमच्या संपादकांचं म्हणणं, भाजीच्या भावात क्रियाविशेषणं घालायला वाव नसतो."

मी अंकाची घडी उलगडली आणि परत घातली.

"चूक काढलीत त्याचं काही नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता आणि तेच जास्त लागलं. "काढायलाच हव्यात. पण 'मृत्यूशी झुंज'ला एक ओळ आणि मला अर्धा रकाना? मी तुमचं पान दर आठवड्याला वाचतो. तुम्ही कुणाला झुकतं माप देत नाही, म्हणून वाचतो. मला सवलत नकोच होती हो. सगळ्यांना लावता ती पट्टी मला लावायची होती. मला तेवढी वेगळी का लावलीत?"

खरं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. पण ते जिभेवरून खाली उतरायला तयार होईना.

"आमची... आमची एक पद्धत असते..." मी पुटपुटले.

"असेल," तो म्हणाला. दारात क्षणभर घुटमळला, मी काही म्हणेन म्हणून. मी टाचण्यांचा डबा सरळ केला. मग तो गेला. डाव्या बाहीला आज कडक इस्त्री होती आणि ती बघून मला का कुणास ठाऊक, रडूच आलं.

बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या टेबलाशी आल्या. चार बातम्या काढल्या, कोऱ्या कागदाच्या पट्ट्यांनी पेपरांची आणि बातमीदारांची नावं झाकली, वरखाली केल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. नाव झाकून वाचायचं हा बाईंचा सगळ्यात जुना नियम. त्या आठवड्यात मी तो पाळलाच नव्हता.

"मला चारी पाठ आहेत, बाई. झाकून काय उपयोग?"

"मग डोळे उघडे ठेवून खरं सांग. कोणती चांगली?"

मी त्याच्या बातमीवर बोट ठेवलं.

"सगळ्यात वाईट?"

भडकूवर.

"मग छापताना उलटं का झालं?"

"बाई..."

"तुला विचारलं होतं, आणखी काही संबंध आहे का. तू टाचण्या सांडल्यास."

"तेव्हा नव्हता!"

"नव्हता?"

"म्हणजे... सुरू झाला होता. एका बाजूने. माझ्या." माझे कान तापले. "तो मला आवडला, बाई. मला वाटलं, मी त्याची बाजू घेईन. म्हणून मग..."

"म्हणून मग त्याचा मुडदा पाडलास." बाईंनी सुस्कारा सोडला. "अगं, आपल्या माणसाला झुकतं माप देणं जितकं वाईट, तितकंच त्याला कमी माप देणंही वाईट. पट्टी दोन्हीकडून वाकते. दुरुस्ती छाप."

"छापते."

"कारणासकट. कारण न देता आपण दुरुस्ती छापत नाही."

"कारण कसं छापू?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"जसं आहे तसं," बाई म्हणाल्या. "विशेषणं न लावता."

पुढचे काही दिवस मी ती दुरुस्ती लिहीत आणि फाडत होते. आणि रोज संध्याकाळी सांजपत्र घेऊन थेट बाजारभाव वाचत होते. शिक्षा म्हणून दिलेल्या त्या चार इंच जागेतसुद्धा तो माणूस गप्प बसत नव्हता. 'टोमॅटो नरमले. बटाटा आपल्या जागी. लिंबू अजूनही ताठ, माघार घ्यायला तयार नाही.' मी लिंबाच्या ओळीवर बराच वेळ थांबायचे. भाव खरोखरच चढे असतील, मला कळतं. तरी पण.

"छापलं तर सगळं गाव हसेल," मी आईला म्हटलं.

"हसेल," आई म्हणाली.

"आणि त्याला मी आवडत नसले तर?"

"तर गाव जरा जास्त हसेल," आत्या म्हणाली. "पण नाही छापलंस तर तो जन्मभर समजेल की तुला त्याची बातमी आवडली नाही. हे चालेल तुला?"

ते नव्हतं चालणार. बाकी सगळं चाललं असतं, हे नव्हतं. मी टेबलाशी बसले आणि एका दमात लिहून काढलं.

आता आमची रीत. मजकूर छापण्याआधी ज्याच्याविषयी आहे त्याला दाखवायचा. संपादकांकडे पाठवून काय होतं, ते बघितलंच होतं. या वेळी स्वतः जायला हवं होतं.

सकाळी सकाळी भाजीबाजार गाठला. भुरभुर चालूच होती. पत्र्याच्या छपराखाली पोत्यांच्या थप्प्या, ओल्या पालेभाज्यांचा वास, हातगाडीवाल्यांची आरडाओरड... आणि कांद्याच्या ढिगापाशी तो, कानामागे पेन्सिल, एका तिखट बाईंशी हुज्जत घालत.

"कालच्यापेक्षा आज चढा कसा?" तो विचारत होता.

"आज माझं डोकं दुखतंय, म्हणून!"

"हे छापू?"

मी पुढे झाले आणि कागद त्याच्यासमोर धरला.

"हे छापायचंय. आधी तुम्हाला दाखवायचं असतं. तुमचं म्हणणं असेल तर... ते सोबत छापू."

त्याने माझ्याकडे बघितलं, कागद घेतला आणि वाचायला लागला. मोठ्याने! कांदेवाल्या बाईंनी मापं थांबवली.

"'दुरुस्ती आणि खुलासा. गेल्या अंकात सांजपत्राच्या बातमीवर केलेली टीका इतरांना लावलेल्या निकषांहून कडक होती. ती बातमी चारांत सर्वांत पूर्ण होती. टीका कडक होण्याचं कारण..." त्याचा आवाज अडखळला. "कारण, तुलना करणाऱ्या व्यक्तीला संबंधित बातमीदार आवडतो. ही बाब तिने आधी जाहीर केली नाही. यापुढे सांजपत्राच्या बातम्यांचं परीक्षण ती करणार नाही.'"

बाजाराचा सगळा कलकलाट कुठेतरी लांब गेला. त्याने कानामागची पेन्सिल काढली. मला वाटलं, आता काट मारणार.

"'आवडतो'," तो म्हणाला. "याला आधार?"

"प्रत्यक्षदर्शी आहे."

"एकच?"

"आई आणि आत्यानेही दुजोरा दिलाय. स्वतंत्रपणे."

"हं." पेन्सिल त्या ओळीखाली फिरली. "आणि बातमीदाराची बाजू? ती कुठे घेतलीय?"

"तीच घ्यायला आलेय ना..." माझा आवाज अगदीच बारीक झाला.

"मुदत किती?"

"दुपारपर्यंत."

"मग दुपारी देतो," तो म्हणाला आणि पाठ फिरवून खुशाल लिंबांकडे चालू लागला!

"अहो, असं काय करता!" कांदेवाल्या बाई माझ्या वतीने ओरडल्या. "पोरगी चिंब झालीय!"

तो वळला. परत आला आणि मोडकी छत्री माझ्या हातात दिली, चांगली बाजू माझ्याकडे करून. मग भिजत भिजत निघून गेला.

ती सकाळ मी कशी काढली, विचारू नका. दुपारी ऑफिसात पाकीट आलं. मी उघडायला घाबरत होते, म्हणून बाईंनी उघडलं, वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

"घे," त्या म्हणाल्या. "फक्त एक स्वल्पविराम बदलावा लागेल."

कागदावर लिहिलं होतं:

'संबंधित बातमीदाराचं म्हणणं. टीका कडक होती, पण चुकीची नव्हती. माझ्या बातमीत एक चूक आहे. मी लिहिलं की तरुणीने सूचना शांतपणे केली. ती शांत नव्हती. लिफ्टने गचका खाल्ला तेव्हा तिने माझी डावी बाही मुठीत धरली आणि दार उघडेपर्यंत सोडली नाही. तिला ते कळलं नसावं, कारण नंतर तिने बाहीला इस्त्री नसल्याबद्दल मला टोकलं. ही गोष्ट मी बातमीतून जाणूनबुजून गाळली. ती मला माझ्यापाशीच ठेवायची होती. हितसंबंध दोन्ही बाजूंनी आहे.'

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मूठ मिटली, उघडली. तो स्पर्श अचानक, सगळाच्या सगळा आठवला. सुती कापड, त्याखाली न हलवलेला हात. कितीतरी वेळ त्याने तो तसाच धरून ठेवला होता, अवघडला तरी. आणि मी घरी जाऊन सांगत होते, मी अगदी शांत होते!

"रडतेस काय," बाई म्हणाल्या. "अंक छापायला जायचाय."

दोन्ही मजकूर एका चौकटीत शेजारी शेजारी छापले. गाव हसलं, भरपूर हसलं. इतर पेपरांनीही बातमी दिली. आजोबांनी लिहिलं, 'साप्ताहिकातर्फे दुरुस्ती प्रसिद्ध'. भडकूने लिहिलं, 'बाही कुणी धरली? लिफ्टमधलं थरारक सत्य!' आणि जावईबापूंनी लिहिलं, 'महापालिकेच्या लिफ्टमुळे जुळले दोन जीव. उपमहापौरांकडून समाधान व्यक्त.' त्या आठवड्याची तुलना अर्थातच मला करता आली नाही. बाईंनी केली आणि भडकूला या वेळी अर्धा रकाना दिला.

सांजपत्राच्या संपादकांनी मात्र बातमीदाराने माहिती गाळल्याचं कबूल केलं म्हणून त्याला आणखी काही दिवस बाजारातच ठेवलं. आमचा तो अंक निघाला, त्याच संध्याकाळी लिंबं उतरली. मी छापील बाजारभावात वाचलं, 'लिंबू अखेर नरमले. आवक समाधानकारक.'

आई आणि आत्या आता त्याच्याविषयी प्रत्येकी वेगळी बातमी देतात. आईच्या मते तो लाजाळू आहे, आत्याच्या मते डांबरट. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा किती जेवला यावरही एकमत नाही. मी मध्ये पडत नाही. माझा हितसंबंध आहे.

मध्यंतरी आम्ही दोघं पुन्हा वाचनालयात गेलो. माझं आणखी एक पुस्तक परत करायचं राहिलं होतं. जिना समोर होता, तरी लिफ्टमध्ये शिरलो. दार मिटलं, काचेपलीकडे पाऊस ओघळत होता, आणि मी त्याची डावी बाही धरली. या वेळी कळून सवरून.

"अगं, आता कशाला?" तो म्हणाला. "चालू आहे की लिफ्ट."

"माहीत आहे."

"मग?"

"चुरगळू दे जरा," मी म्हटलं. "इस्त्री फार कडक असते हल्ली तुझी."

तो हसला, आणि या वेळी खोकला नाही. लिफ्ट कुठेही न अडता तिसऱ्या मजल्यावर पोचली. दार उघडलं. समोर ग्रंथपालबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं, मग हातातली बाही बघितली आणि तारीख न बघताच पुस्तक ठेवून घेतलं. छापण्यासारखं काहीच घडलं नाही.